एका छायाचित्राचे मोल: हौशी छायाचित्रकाराने आपली चित्रे स्वस्त स्टॉक-साइटवर विकावीत का?

१/ २७ एप्रिल २००९ या तारखेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाण्यांची एक काचेची बरणी होती. विषय होता काटकसर. आर्थिक पडझडीनंतर अमेरिकन कुटुंबांनी हात आखडता घेतला होता, त्याची ती कहाणी. गंमत अशी की काटकसर मुखपृष्ठावरही झाली होती. एरवी अशा मुखपृष्ठासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराला हजारो डॉलर मिळत. या चित्राचे छायाचित्रकाराला मिळाले सुमारे ३० डॉलर.

२/ चित्र रॉबर्ट लॅम यांचे होते आणि ते ‘आयस्टॉकफोटो’ या स्वस्त स्टॉक-साइटवरून घेतले गेले होते. व्यावसायिक छायाचित्रकारांत संतापाची लाट उसळली. लॅम यांना मात्र त्यात अन्याय दिसला नाही. आपले चित्र ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले याचाच त्यांना आनंद होता. मग चूक कोणाची? हौशी छायाचित्रकाराने आपले चित्र असे चिल्लर भावात विकावे का? या प्रश्नाची मुळे इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहेत. 🧵

३/ छायाचित्र स्वस्त होण्याची पहिली मोठी लाट पॅरिसमध्ये आली. आंद्रे दिस्देरी याने १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिजिट’ या पद्धतीचे पेटंट घेतले. एकाच काचपट्टीवर अनेक छोटी चित्रे टिपायची, कागदावर छापायची आणि कापून वेगळी करायची, अशी ती युक्ती. जे व्यक्तिचित्र पूर्वी श्रीमंतांनाच परवडे, ते मध्यमवर्गाच्या घरात पोहोचले. हस्तिदंतावर बारीक व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या कारागिरांचा धंदा मात्र छायाचित्राच्या या युगात बुडाला.

४/ त्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. छायाचित्रण हा तेव्हा बहुतेकांचा पोटापाण्याचा उद्योग नव्हता. डॉक्टर, सरकारी नोकर आणि लष्करी अधिकारी यांचा तो छंद होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या वर्तुळातील एक हौशी छायाचित्रकार. जड कॅमेरा, काचा, रसायने आणि काळोखा तंबू घेऊन फिरणाऱ्या या माणसांना ‘हौस’ स्वस्त पडत नसे.

५/ विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही चित्रमालिका काढली. तिच्या नावातच ‘अमॅच्युअर’ आहे. या शब्दाचे मूळ ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मराठीतला ‘हौशी’ शब्दही त्याच्या जवळचाच: जो पैशासाठी करत नाही, आवडीसाठी करतो तो. या अल्बमातील चित्रांचे पुढे काय झाले, ते थोड्या वेळाने पाहणे आवश्यक आहे.

६/ हौशींची खरी फौज उभी केली ती जॉर्ज ईस्टमन याने. १८८८ मध्ये त्याने ‘कोडॅक’ कॅमेरा २५ डॉलरला बाजारात आणला. आत १०० चित्रांची फिल्म भरलेली. ती संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये चित्रे छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरचा ‘ब्राउनी’ आला. कळ दाबणाऱ्याला रसायनशास्त्र येण्याची गरज उरली नाही.

७/ दरम्यान, छायाचित्राला ‘कर्ता’ असतो का, हा प्रश्न न्यायालयात गेला होता. नेपोलियन सॅरोनी याने १८८२ मध्ये काढलेले ऑस्कर वाइल्डचे चित्र एका छपाई कंपनीने परवानगीवाचून छापले; प्रती निघाल्या ८५,०००. यंत्राने टिपलेल्या चित्रात कसली आली निर्मिती, असा कंपनीचा बचाव होता. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वाइल्डला कसे बसवायचे, प्रकाश कसा घ्यायचा, मागे काय ठेवायचे, हे सॅरोनीने ठरवले होते. म्हणून तोच कर्ता.

८/ हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चित्रावरचा हक्क ‘निवड’ करण्यातून येतो, असे त्यात मान्य झाले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. आज हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. भ्रमणध्वनीवर काढलेल्या चित्रालाही तो लागू आहे. हौशी माणूस स्टॉक-साइटवर जे नेऊन ठेवतो, ते हेच.

९/ आता ‘स्टॉक’ या धंद्याकडे वळता येईल. गोदामात जसा तयार माल भरून ठेवायचा, तशी तयार चित्रे भरून ठेवायची आणि गिऱ्हाईक येईल तशी वापरायला द्यायची. एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० मध्ये फिलाडेल्फियात काढलेली संस्था ही या व्यवसायातील आद्य संस्थांपैकी एक. संपादकाला समुद्रकिनाऱ्याचे चित्र हवे असेल तर त्याने छायाचित्रकाराला किनाऱ्यावर पाठवण्याचे कारण उरले नाही.

१०/ या व्यवसायातली सर्वांत विलक्षण कथा ऑटो बेटमन यांची. बर्लिनच्या कलाग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथांचे काम पाहणाऱ्या या ज्यू विद्वानाला नाझींमुळे देश सोडावा लागला. १९३५ मध्ये ते चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या घेऊन न्यूयॉर्कला उतरले आणि पुढच्याच वर्षी ‘बेटमन आर्काइव्ह’ सुरू झाले. मुळात ते ग्रंथपाल. हजारो चित्रांतून हवे ते नेमके चित्र काढून देणे, हे त्यांचे कसब होते. चित्राइतकेच मोल त्याच्या नोंदीला होते.

११/ १९९५ मध्ये हा संग्रह बिल गेट्स यांच्या ‘कॉर्बिस’ या कंपनीने विकत घेतला. तोवर त्यात एक कोटीहून अधिक चित्रे जमली होती. त्याच वर्षी मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी पुढे ‘गेटी इमेजेस’ म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी उभी केली. जुनी, विखुरलेली चित्रसंग्रहालये एकामागून एक विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. जगाचा चित्रमय भूतकाळ मोजक्या कंपन्यांच्या कपाटांत जमू लागला.

१२/ या जुन्या व्यवसायात भाव वापरावरून ठरत असे. चित्र कुठे छापणार, किती प्रतींत, किती आकारात, किती काळ, कोणत्या देशात? शाळेच्या पुस्तकातील छोट्या चित्राचा भाव वेगळा, मोटारीच्या जाहिरातीचा वेगळा. वापर वाढला की मोबदला वाढे. ‘रॉयल्टी-फ्री’ पद्धतीने हे गणित मोडले. त्यात एकदा पैसे भरायचे आणि परवान्याच्या चौकटीत पुन्हा पुन्हा वापरायचे. नाव ‘फ्री’ असले तरी ते चित्र फुकट नसते. प्रत्येक वापराचे वेगळे मानधन तेवढे द्यावे लागत नाही.

१३/ जुन्या पद्धतीत एखादे चित्र किती दूर जाई, याचे उदाहरण सर्वांनी पाहिलेले आहे. चार्ल्स ओ’रिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात हिरव्या टेकडीचे आणि निळ्या आकाशाचे चित्र टिपले. ते स्टॉक संस्थेमार्फत ‘कॉर्बिस’कडे गेले आणि मायक्रोसॉफ्टने त्याचे हक्क विकत घेतले. २००१ मध्ये ते ‘विंडोज एक्सपी’चे पार्श्वचित्र झाले. रक्कम जाहीर झाली नाही. पण चित्राची मूळ फिल्म इतकी मोलाची ठरली की ती पोहोचवायला खुद्द ओ’रिअर यांना जावे लागले.

१४/ याच सुमारास, २००० साली, कॅनडातील कॅलगरी येथे ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी ‘आयस्टॉकफोटो’ सुरू केले. आरंभी तो विक्रीचा बाजारच नव्हता. रेखनकारांनी आपली चित्रे एकमेकांना द्यावीत आणि घ्यावीत, अशी ती देवघेव होती. पुढे सर्व्हरचा खर्च भागवण्यासाठी चित्रामागे काही सेंट आकारले जाऊ लागले. गावकीच्या विहिरीवर रहाट बसवून पाण्याचे पैसे घेण्यास सुरुवात व्हावी, तसे हे झाले. पाणी सर्वांचे राहिले, रहाट एकाचा झाला.

१५/ २००६ मध्ये ‘गेटी’ने ही साइट ५ कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी जून महिन्यात ‘वायर्ड’ मासिकात जेफ हाउ यांचा एक लेख आला आणि ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द रूढ झाला. लेखाची सुरुवातच स्टॉक छायाचित्रांनी होते. आरोग्यविषयक एका संग्रहालयाला रुग्णांची चित्रे हवी होती. व्यावसायिक छायाचित्रकाराने सवलत देऊन चित्रामागे १०० ते १५० डॉलर सांगितले. संग्रहालयाने अखेर आयस्टॉकवरून ५६ चित्रे घेतली, सुमारे एकेक डॉलरला.

१६/ व्यावसायिकांची तक्रार इथून सुरू होते: हौशी लोक बाजार बिघडवतात. तक्रारीमागचे दुःख खरे आहे. पण हौशी छायाचित्रकाराने विकू नये यासाठी ते पुरेसे कारण नाही. दुसऱ्याचा भाव टिकावा म्हणून स्वतःचा माल घरात ठेवण्याचे बंधन कोणावरही नसते. स्वतः छायाचित्रकारांनीच एकेकाळी हस्तिदंतावरच्या चित्रकारांचा बाजार उठवला होता. त्या वेळी कोणी कॅमेरा खाली ठेवला नव्हता.

१७/ स्वस्त चित्रांचा लाभही नाकारता येत नाही. तालुक्याच्या गावातील शिक्षक, छोट्या नियतकालिकाचा संपादक, एकट्याने पुस्तक काढणारा लेखक यांना १५० डॉलरचे चित्र कधीच परवडले नसते. मोठ्या संस्थांच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते, अशा हजारोंची चित्रे या साइट्समुळे प्रथमच छापली गेली. तेव्हा प्रश्न व्यावसायिकांच्या पोटाचा बाजूला ठेवून हौशीच्याच बाजूने विचारला पाहिजे: या सौद्यात त्याला काय मिळते आणि त्याच्या हातून काय जाते?

१८/ मिळते ते पाहू. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे या साइट्सचे आश्वासन. २०१० मध्ये आयस्टॉकने नवी रचना जाहीर केली, तीत इतरत्रही चित्रे विकणाऱ्या छायाचित्रकाराचा वाटा १५ ते २० टक्के ठरला. जून २०२० मध्ये ‘शटरस्टॉक’ने आपली रचना बदलली. वाटा १५ ते ४० टक्के, पायऱ्या वर्षभरातील डाउनलोडवर अवलंबून, आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाने पुन्हा खालच्या पायरीपासून चढायचे. एका डाउनलोडमागे किमान १० सेंट.

१९/ १० सेंटच्या हिशेबाने १०० डाउनलोड झाले की १० डॉलर होतात. एखाद्या हौशी माणसाची दोन-तीनशे चित्रे असतात. त्यांतली बहुतेक कोणी उघडूनही पाहत नाही. किमान ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे हातातही पडत नाहीत. कॅमेरा, भिंगे, प्रवास, चित्रांची निगराणी, प्रत्येक चित्राला डझनावारी शोधशब्द देण्याचे तास यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. तळे साचते, पण ज्याच्या आवारात लाखोंचे थेंब पडतात त्याचे.

२०/ या बाजारात खरोखर कमावतात ते कोण? वर्षाला हजारो चित्रे पद्धतशीर तयार करणारे. हसणारे कार्यालय, हस्तांदोलन, कोशिंबीर खाणारी तरुणी: मागणी पाहून, नट-नट्या घेऊन, प्रकाशयोजना करून ते चित्रे ‘पिकवतात’. तो हौशींचा बाजार राहिलेला नाही. हौशींच्या नावाने उघडलेल्या दुकानात कारखानदार बसला आहे, आणि ज्याच्यामुळे दुकानाला नाव मिळाले तो हौशी दारात चिल्लर मोजतो आहे.

२१/ याची सर्वांत बोलकी साक्ष खुद्द लिव्हिंगस्टोन यांच्या पुढच्या पावलात सापडते. स्वस्त स्टॉकचा पाया घालणाऱ्या याच गृहस्थांनी २०१३ मध्ये सहकाऱ्यांसह ‘स्टॉक्सी’ ही नवी संस्था काढली. ती सहकारी आहे. मालक स्वतः छायाचित्रकार. नेहमीच्या परवान्याची निम्मी रक्कम छायाचित्रकाराला मिळते आणि सभासद निवडून घेतले जातात. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या महाराष्ट्राला यातला विचार समजावून सांगण्याची गरज नाही.

२२/ तरीही पैसा हा या विषयाचा गाभा नाही. उद्या १० सेंटचे १० डॉलर झाले तरी एक प्रश्न उरतोच. स्टॉकमध्ये गेलेले चित्र कशाचे चित्र राहते? समजा, कोणी एका बाजारात बसलेल्या वृद्ध स्त्रीचे चित्र काढले. तिला नाव आहे, गाव आहे, त्या दिवशी कोणता वार होता तेही ठाऊक आहे. साइटवर मात्र खरेदीदार तिला शोधणार तो ‘भारत’, ‘म्हातारी’, ‘गरिबी’, ‘ग्रामीण’ या शब्दांनी. तिचे नाव कोणी शोधणार नाही, म्हणून ते लिहिलेही जात नाही.

२३/ चित्रातील व्यक्तीची लेखी संमती नसेल तर ते केवळ बातमी किंवा माहितीपर वापरासाठी विकता येते. संमती असेल, तर ते जाहिरातीत जाऊ शकते. साइटचे काही निर्बंध असतात. पण चित्र नेमके कोणत्या मजकुराशेजारी बसेल, हे ना छायाचित्रकार ठरवतो, ना ती स्त्री. कर्जाच्या जाहिरातीत, रोगाच्या पत्रकात, एखाद्या देणगीच्या आवाहनात ती दिसेल. सॅरोनीला न्यायालयाने ज्या ‘निवडी’साठी कर्ता मानले होते, तिचा पुढचा अर्धा भाग असा परक्या हाती जातो.

२४/ हे नवे आहे का? इथे मुंबईच्या त्या अल्बमकडे परत जावे लागते. विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात मुंबईतील ‘जाती आणि जमाती’ दाखवणारा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी हौशींच्या अल्बमच्या काळातील चित्रे कामी आली. माणसे एका ठिकाणी टिपलेली. त्यांच्या आकृती कापून दुसऱ्याच कुठल्या पार्श्वभूमीवर बसवलेल्या. चित्राखाली व्यक्तीचे नाव येण्याऐवजी समाजाचे नाव आले. कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली माणसे ‘नमुने’ झाली.

२५/ याहून मोठा प्रकल्प म्हणजे ‘द पीपल ऑफ इंडिया’. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड, त्यांत ४६८ छायाचित्रे. त्याची सुरुवात साधी होती. लॉर्ड आणि लेडी कॅनिंग यांना हिंदुस्थानच्या आठवणी म्हणून चित्रे हवी होती. कॅमेरा बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांनी फिरतीवर असताना ती काढावीत, असे सुचवले गेले. १८५७ च्या उठावानंतर याच खाजगी संग्रहाचा सरकारी उपक्रम झाला. हौशींनी पुरवलेल्या चित्रांना आता ‘निष्ठावान’, ‘उपद्रवी’, ‘कष्टाळू’ अशा अर्थाची वर्णने चिकटू लागली.

२६/ १८६९ मध्ये सय्यद अहमद खान लंडनमध्ये होते. इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी आणि त्यांच्या मुलाने हा ग्रंथ पाहिला. तिथे आलेल्या एका इंग्रज तरुणाने मुलाला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? त्या चित्रांशेजारी उभे राहून ‘होय’ म्हणताना मुलगा शरमला, असे सय्यद अहमद यांनी लिहून ठेवले आहे. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांच्या मनात असे काही नसेलही. पण चित्र हातातून सुटले आणि मथळा दुसऱ्याने लिहिला.

२७/ साम्राज्याचा दफ्तरखाना आणि आजची स्टॉक-साइट एक नव्हेत. एकामागे सत्ता होती, दुसरीत सौदा आहे आणि तो स्वेच्छेने होतो. परंतु चित्राच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी एकच घडते. विशिष्ट माणूस, विशिष्ट गाव, विशिष्ट दिवस गळून पडतो आणि खाली एक वर्ग उरतो. इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके जे हवे असते, तेच या प्रवासात आधी हरवते.

२८/ आता त्यात यंत्राची भर पडली आहे. शटरस्टॉकने २०२१ पासून ओपनएआयला चित्रे पुरवल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. अडोबीने आपल्या स्टॉक-संग्रहावर प्रशिक्षित केलेले ‘फायरफ्लाय’ २०२३ मध्ये आणले. छायाचित्रकारांना काही मोबदला देण्याची व्यवस्था दोघांनीही केली. तरी दहा वर्षांपूर्वी चित्र चढवणाऱ्याने अशा वापराची कल्पनाही केली नव्हती. एकदा मोकळा परवाना दिला की उद्या निघणाऱ्या वापरांवरही सही केल्यासारखे होते.

२९/ याच्या उलट टोकाचे उदाहरण मोसुलचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये इराकमधील मोसुलच्या संग्रहालयातील मूर्ती फोडल्या जात असल्याची चित्रफीत ‘इसिस’ने प्रसारित केली. पुढच्या काही आठवड्यांत मॅथ्यू व्हिन्सेंट आणि चान्स कॉफेनार या दोन तरुण संशोधकांनी जगाला आवाहन केले: पूर्वी कोणी तिथे गेला असाल, तर आपली चित्रे द्या. लोकांनी काढलेली साधी चित्रे येऊ लागली. वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली चित्रे जुळवून नष्ट झालेल्या वस्तूंच्या त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभ्या राहिल्या.

३०/ त्या चित्रांत कलात्मकता फारशी नव्हती. काही तिरपी, काही अंधुक. स्टॉकच्या बाजारात त्यांना १० सेंटही आले नसते. त्यांचे मोल एवढ्यात होते की ती नेमक्या त्या मूर्तीची होती आणि हे सांगणारा माणूस सोबत होता. ‘प्राचीन पुतळा, दगड, मध्यपूर्व’ एवढ्या शोधशब्दांवर ती विकली गेली असती, तर त्यांच्यावरून त्या वस्तू पुन्हा उभ्या करणे कितीतरी अवघड झाले असते.

३१/ महाराष्ट्रातील किती तरुण आज कॅमेरा घेऊन गडकोट, लेणी, वीरगळ, बारव, शिलालेख टिपत हिंडतात! गावच्या वेशीवरचा वीरगळ शेंदराखाली झाकला जातो, जुन्या मंदिरावर टाइल्स चढतात, वाडा पाडून इमारत उभी राहते. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीचे हौशी चित्र हाच पुरावा उरतो. ते चित्र ‘भारत, मंदिर, दगड’ म्हणून गोदामात गेले असेल, तर गावालाही ते सापडणार नाही.

३२/ म्हणून निर्णयाची कसोटी साधी ठेवता येते. हे चित्र दुसरा कोणी उद्या, दुसरीकडे, असेच काढू शकेल का? नाण्यांची बरणी, पावसाचे थेंब, चहाचा पेला: अशी चित्रे खुशाल विकावीत, मिळकतीचा भ्रम न बाळगता. त्यात बरणीचे काही जात नाही. लॅम यांचा आनंद या दृष्टीने रास्तच होता. पण ज्या चित्राला ठिकाण, तारीख आणि नाव आहे, ते स्वस्त स्टॉकच्या हवाली करू नये.

३३/ ‘मग ते घरीच कुजवावे काय?’ असा आक्षेप येईल. तसे मुळीच नाही. विकिमीडिया कॉमन्सवर ते नाव, ठिकाण, दिनांकासह देता येते. तिथे व्यापारी वापरालाही मुभा असते, पण कर्त्याचे नाव देण्याची अट घालता येते. प्रकाशकाने मागितले तर कुठे, किती प्रतींत, हे विचारून थेट भाव ठरवता येतो. १९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सीमूर आणि रॉजर यांनी ‘मॅग्नम’ स्थापन केली ती याच आग्रहासाठी: हक्क छायाचित्रकाराकडे राहावा.

३४/ फुकट देण्यातही धोके आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅरोल हायस्मिथ यांनी आपली हजारो चित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, लोकांनी मोफत वापरावीत म्हणून. पुढे स्वतःचेच एक चित्र वापरल्याबद्दल १२० डॉलर भरण्याचे पत्र त्यांच्या संस्थेला आले! २०१६ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. पण चित्रे सार्वजनिक मालकीची झालेली असल्याने कॉपीराइटचा त्यांचा दावा टिकला नाही. तेव्हा देतानाही अटी वाचून द्याव्यात आणि नाव जोडलेले राहील असाच परवाना निवडावा.

३५/ एक खरा अडसर उरतो. ज्या विद्यार्थ्याला भिंगाचा हप्ता फेडायचा आहे, त्याला कसोट्या सांगणे सोपे असते. त्याने विकावे, पण दोन ढीग करून. एका ढिगात बाजारासाठी मुद्दाम काढलेली चित्रे आणि दुसऱ्यात फिरस्तीत जमलेली, माणसांची आणि ठिकाणांची. पहिल्यातून आलेला पैसा दुसऱ्याच्या प्रवासाला लागला तर उत्तमच. दोन्ही ढीग मिसळले की घाऊक भावात इतिहास जातो.

३६/ सर्वांत आधी करायचे काम मात्र विक्रीचेही नाही आणि दानाचेही नाही. प्रत्येक चित्राची नोंद लिहिणे: गाव, तालुका, दिनांक, काय आहे, कोणी सांगितले, समोरच्या व्यक्तीचे नाव आणि तिची परवानगी. बेटमन यांनी दोन पेट्यांतून एवढे मोठे दालन उभे केले ते अशा नोंदींच्या बळावर. ज्या चित्रामागे ही ओळ लिहिलेली आहे, ते कोणाला, कोणत्या अटीवर आणि किती रुपयांना द्यायचे, हे ठरवण्याची वेळ पुढे कधीही येऊ शकते.

(धागा समाप्त)